अपडेटनंतर घड्याळाची बॅटरी उतरते: आधी फोन कुठे असतो ते पाहा

तुमच्या प्रश्नातील एका वाक्यावर मी अडखळले. स्मार्ट घड्याळ पूर्वी दोन दिवस चालत असे, दहा दिवसांपूर्वी अपडेट आले, तेव्हापासून ते दुपारी तीनलाच मान टाकते आणि दुरुस्तीवाले बॅटरी बदला म्हणतात, हे तुम्ही सविस्तर लिहिले आहे. त्यातच ओघाने असेही लिहिले आहे की, कुपवाडच्या कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागतो आणि रविवारी मात्र घड्याळ बरे चालते. तुम्हाला ते किरकोळ वाटले असावे. मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण गेल्या वर्षी साताऱ्यात याच दुखण्यापायी मी ४,६०० रुपये, सव्वीस दिवस आणि एका शर्यतीची नोंद गमावून बसले.

आधीच सांगून ठेवते की मी शाळेत गणित शिकवते, घड्याळे दुरुस्त करत नाही. माझे घड्याळ वेअर ओएसवर, म्हणजे गूगलच्या घड्याळांसाठीच्या प्रणालीवर, चालणारे आहे. तुमचे दुसऱ्या जातीचे असेल तर सेटिंग्जमधील नावे थोडी वेगळी दिसतील. स्क्रीन सतत चालू ठेवणे, मनगट उचलताच ती उजळणे, झोपेत ऑक्सिजन मोजणे हे सारे तुम्ही बंद करून पाहिले असेलच, म्हणून त्यात शिरत नाही. अपडेटनंतरचे पहिले दोन-तीन दिवस घड्याळ आतल्या आत सगळी ॲप नव्याने जुळवून घेत असते आणि त्या काळात बॅटरी जास्त खर्च होणे स्वाभाविक असते. पण दहा दिवसांनंतर ती सबब चालत नाही.

माझी सर्वांत मोठी चूक म्हणजे मी धीर धरला नाही. अपडेट झाल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी, कोणीतरी सांगितले म्हणून, मी घड्याळ फॅक्टरी रीसेट केले. काही मोजले नाही, कशाची नोंद ठेवली नाही, सरळ सगळे पुसून टाकले. त्याआधी दोनच आठवडे मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावले होते. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून पूर्ण केलेल्या त्या एकवीस किलोमीटरची नोंद, प्रत्येक किलोमीटरची वेळ आणि नाडीचे ठोके घड्याळात होते आणि ते फोनवरही पोहोचले असणार असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात फोनमधील आरोग्याचे ॲप मी कित्येक महिने उघडलेच नव्हते. बरेच महिने न वापरलेल्या ॲपला दिलेल्या परवानग्या अँड्रॉइड ११ पासून आपोआप काढून घेतल्या जातात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ॲपला काही मिळत नव्हते, घड्याळ आपल्यापाशी साठवत होते, आणि ते साठवलेले मी माझ्या हाताने पुसले. चढावर चौदाव्या मिनिटाला माझी नाडी किती होती, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

एवढे करून बॅटरी होती तशीच उतरत राहिली. म्हणून कृपा करून रीसेट हा पहिला उपाय समजू नका. करायचेच झाले तर आधी फोनमधील ॲप उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते डोळ्यांनी पाहा. ॲपल वॉच असेल तर ते आयफोनवरून अनपेअर करताना, म्हणजे त्याची जोडणी काढताना, बॅकअप आपोआप घेतला जातो. वेअर ओएसमध्ये बॅकअपची सोय २०२३ मधील चौथ्या आवृत्तीपासून आली, त्याआधीच्या घड्याळांना ती मिळेलच असे नाही.

यानंतरचा प्रसंग लिहिताना अजूनही राग येतो. मी घड्याळ पुण्यातील एका अधिकृत म्हणवणाऱ्या सेवा केंद्रात दिले. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहून माझे पैसे परत येणार नाहीत. साताऱ्याहून एसटीने जाणे, टोकन घेऊन दीड तास बसणे, आणि मग काउंटरवरील मुलाने घड्याळाकडे न पाहता विचारणे, ‘किती वर्षे झाली?’ दोन वर्षे झाली म्हटल्यावर त्याने लगेच ‘बॅटरी गेली’ असे लिहून टाकले. बॅटरी आदल्या रात्रीपर्यंत बरी होती आणि अपडेटच्या दिवशीच कशी गेली, हे मी दोनदा विचारले. ‘मॅडम, असं होतं,’ एवढेच उत्तर मिळाले. फोन कुठे ठेवता, दिवसभर काय करता, कोणत्या वेळी बॅटरी जास्त उतरते, यांपैकी एकही प्रश्न तेथे कोणी विचारला नाही.

बॅटरी अशी एका रात्रीत जात नाही. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता शेकडो वेळा चार्ज केल्यावर हळूहळू कमी होत जाते. ॲपलने आपल्या घड्याळांबाबत जो अंदाज दिला आहे तो १,००० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत क्षमता उरण्याचा आहे. म्हणजे रोज एक पूर्ण चार्ज धरला तरी जवळपास पावणेतीन वर्षे झाली. घसरण उतारासारखी असेल तर बॅटरीवर संशय घ्यावा, पायरीसारखी असेल तर सॉफ्टवेअरवर. यालाही अपवाद आहे: घड्याळाची मागची काच उचलली गेली असेल किंवा ते चार्ज होताना चटका बसेल इतके तापत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते, तेव्हा माझे काही ऐकू नका, चार्जिंग थांबवा आणि घड्याळ दुरुस्तीला द्या.

सव्वीस दिवसांनी नवी बॅटरी घातलेले घड्याळ हातात आले तेव्हा दिवाळीची सुट्टी लागली होती आणि मी कराडला माहेरी निघाले होते. तेथे ते दोन दिवस चालले. मला वाटले, चला, पैसे गेले तरी काम झाले. सुट्टी संपवून साताऱ्याला परतले, शाळा सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी पाचव्या तासाला घड्याळ २० टक्क्यांवर आले. नवी बॅटरी कराडला चांगली आणि साताऱ्याला वाईट, असे तर होऊ शकत नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बदल घड्याळात नसून माझ्या दिनक्रमात आहे. माहेरी फोन सतत माझ्याजवळ होता. शाळेत तो शिक्षक-खोलीच्या कपाटात असतो, कारण वर्गात फोन न्यायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. घरीही तीच गत आहे: यादोगोपाळ पेठेतील आमचे घर जुने आहे, भिंती हातभर जाडीच्या आहेत, आणि रात्री फोन ओसरीवरच्या प्लगला लावून मी आतल्या खोलीत झोपते.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. चार रात्री, अकरा ते सहा, दर वेळी ८० टक्क्यांपासून सुरुवात करून आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिले. पहिल्या रात्री घड्याळ विमान मोडवर ठेवले: सकाळी ७६. दुसऱ्या रात्री विमान मोड काढला आणि फोन उशाशी ठेवला: ७३. तिसऱ्या रात्री फोन नेहमीप्रमाणे ओसरीवर ठेवला: ४९. तो आकडा पाहून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. चौथ्या रात्री फोन ओसरीवरच ठेवला, फक्त घड्याळाचे वाय-फाय बंद केले: ७२.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ होता. घड्याळ आणि फोन यांच्यातील ब्लूटूथचा धागा तुटला की, वाय-फाय ‘आपोआप’ या पर्यायावर असल्यास, घड्याळ स्वतःच वाय-फायकडे वळते. जाड भिंतीपलीकडे ब्लूटूथ तुटते, पुन्हा जुळते, पुन्हा तुटते. राउटरही ओसरीवरच असल्याने वाय-फायही अशक्तच मिळते. आणि तीनशेच्या आसपास मिलिॲम्पिअर-अवरची ती एवढीशी बॅटरी या शोधाशोधीत रिकामी होते. मी घड्याळ घेतले तेव्हा वाय-फाय बंद करून ठेवले होते. अपडेटने ते गुपचूप पुन्हा ‘आपोआप’वर नेले, आणि पुढे माझ्या रीसेटनेही तेच केले. सेवा केंद्रातून परत आलेले घड्याळही अर्थातच त्याच मूळ सेटिंगवर होते. म्हणजे ४,६०० रुपयांच्या दुखण्याचे औषध एका बटणात होते.

तुमच्या बाबतीत फोन गेटवर आणि तुम्ही आत शेडमध्ये, म्हणजे घड्याळ आठ-नऊ तास फोनपासून तुटलेले. त्यातच ते सिमवाले घड्याळ असेल तर फोन दूर गेल्यावर ते मोबाइल नेटवर्कही सुरू करते, आणि पत्र्याच्या शेडखाली रेंज कमी असली की रेडिओ अधिक जोर लावतो. माझा तर्क असा आहे की रविवारी फोन जवळ असतो म्हणूनच घड्याळ टिकते. तर्क चुकूही शकतो, म्हणून विमान मोडची एक रात्र आधी काढा. त्या रात्रीत चार-पाच टक्क्यांपेक्षा फार जास्त उतरले नाही, तर बॅटरी धडधाकट आहे असे समजून दुरुस्तीवाल्यांना नम्रपणे नकार द्या. विमान मोडवरही वीस-पंचवीस टक्के गेले, तर मात्र घड्याळाच्या आतच काहीतरी जागे राहते आहे. बाहेरून घेतलेली, सेकंदकाटा आणि हवामान दाखवणारी डायल काढून कंपनीची साधी डायल लावा आणि पुन्हा एक रात्र मोजा. तरीही तेच घडले, तर बॅटरीचा विचार जरूर करा. एका वेळी एकच बदल करायचा, हे मी मुलांना रोज सांगते आणि स्वतः मात्र विसरले होते.

बॅटरी वाचवण्याची म्हणून जी ॲप मिळतात ती घड्याळात घालू नका. माझ्या मते चोरावर नजर ठेवायला आणखी एक चोर ठेवण्यासारखे ते आहे.

आणि घड्याळ दुरुस्तीला देण्याची वेळ आलीच, तर जॉब शीटवर तक्रार त्यांच्या नव्हे, तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘अपडेटनंतर, फोन दूर असताना बॅटरी वेगाने उतरते’ अशी. जुनी बॅटरी परत मागा. घड्याळ उघडून पुन्हा चिकटवल्यावर पाणी आत न शिरण्याची चाचणी केली आहे का, तेही लेखी विचारा. हे मी विचारले नव्हते, म्हणून आता पावसात धावताना घड्याळ काढून ठेवावे लागते. अगदीच दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मी तो फिरवला नाही, कारण तोवर चूक निम्मी माझीही होती हे मला कळले होते.

तूर्त एवढे करा. सोमवारी गेटवर फोन जमा करण्याआधी घड्याळ विमान मोडवर टाका. पावले, नाडी, गजर हे सगळे चालू राहील, फक्त फोन आणि संदेश येणार नाहीत, आणि फोनच जवळ नसताना ते तसेही धड येत नसणार. आत जाताना किती टक्के होते आणि सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा किती उरले, हे दोन आकडे कळवा. मंगळवारी विमान मोड न लावता, फक्त वाय-फाय आणि सिम असल्यास मोबाइल नेटवर्क बंद ठेवून तेच करा. चार आकडे हाती आले की पुढचे बोलू. तोपर्यंत रीसेटच्या बटणाला हात लावू नका.