विमानाचा शोध तर लागून गेला, आता मी काय करू?

नमस्कार ताई,

तुमच्या लेकीनं नववीतच घर थर्माकोलच्या विमानांनी भरून टाकलंय आणि आता म्हणतेय, "सगळं करून झालंय, माझ्यासाठी काय उरलं?" त्यात तिला चष्मा लागला, म्हणून तुम्हाला काळजी.

चष्म्याचं आधी उरकते. चष्मा लावून ठरलेल्या मर्यादेत नीट दिसत असेल, तर नागरी विमानसेवेत वैमानिक होता येतं. मात्र प्रशिक्षणाची फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. त्यात रंग ओळखण्याचीही चाचणी असते आणि तिथं अडलं तर चष्म्यासारखा सोपा उपाय नाही.

पण तिचा प्रश्न कॉकपिटचा नाहीच. 17 डिसेंबर 1903 ला राइट बंधूंचं विमान 12 सेकंद उडालं, हे तिला पाठ असेल. तिला त्याआधीचं सांगा. 1901 मध्ये त्यांच्या ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला, हिशेबापेक्षा फारच कमी उचल मिळाली. तेव्हा त्यांनी सर्वमान्य आकडे बाजूला ठेवले, सहा फुटी लाकडी पेटीत पंख्यानं वारा सोडला आणि पंखांचे सुमारे 200 छोटे नमुने तपासले. मोजायचं यंत्र केलं सायकलच्या स्पोकचं आणि करवतीच्या पात्यांचं! हवं तसं हलकं इंजिन कोणी देईना, तेव्हा त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकनं ते सुमारे सहा आठवड्यांत बनवलं. टेलरचं नाव किती जणांना माहीत असतं?

2021 मध्ये राइट बंधूंच्या त्याच विमानाच्या कापडाचा तुकडा घेऊन नासाचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर मंगळावर उडालं. तिथली हवा पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का दाट.

आता उरलेलं काम. एक किलो विमानाच्या इंधनात सुमारे 12,000 वॉट-तास ऊर्जा असते, चांगल्या लिथियम बॅटरीत साधारण 250 ते 300. इलेक्ट्रिक मोटर इंजिनापेक्षा पुष्कळ कार्यक्षम, तरी ही तफावत भरून निघत नाही. शिवाय इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं. बॅटरी संपली तरी तिचं ओझं तेवढंच. म्हणून विजेवर दोन माणसांचं विमान उडतं, दोनशे प्रवासी घेऊन महासागर ओलांडणारं नाही. हायड्रोजन वजनाला हलका, पण द्रवरूपात ठेवायचा तर उणे 253 अंश तापमान हवं, आणि टाकीही भलीमोठी. या गाठी सोडवणार कोण? रसायनशास्त्रवाले, धातूंचे जाणकार, सॉफ्टवेअरवाले. तिला रसायनशास्त्र कंटाळवाणं वाटतं असं तुम्ही लिहिलंय. हा परिच्छेद तिला वाचून दाखवाच.

पुढे विषय निवडताना गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये, एवढं पुरे. कोर्सची नावं आत्ता नकोत.

सध्या तिला एक वही द्या. एकच विमान घ्यायचं, नाकावरचं वजन थोडं थोडं बदलायचं, प्रत्येक वेळी ते पाचदा फेकायचं आणि अंतर लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे महत्त्वाचं. मोटरचं महागडं मॉडेल मागितलं तर नाही म्हणू नका, पण वहीची चार पानं भरल्यावर.