गाण्यामागची गोष्ट कळल्यावर तेच गाणं वेगळं वाटायला लागलं, असं तुमच्या बाबतीत कुठलं मराठी गाणं आहे?

आहे की. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर शोधत बसावं लागत नाही. 'माझी मैना गावाकडं राहिली'. अण्णाभाऊ साठेंची छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार. तुम्हीही ऐकली असणार, पण बहुतेक अर्धीच, आणि त्या राहिलेल्या अर्धीसाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

मागं पुण्याला आतेभावाच्या सोसायटीत गणपतीला गेलो होतो, तिथं रात्रीच्या कार्यक्रमात एका पोरानं कराओकेवर हे गाणं घेतलं. आवाज चांगला होता. मैनेचा बांधा झाला, रंग झाला, दागिने झाले, लोक टाळ्यांचा ठेका धरून होते, आणि गडी मुंबईला निघाला तिथं गाणं खलास, लगेच पुढचा नंबर. मी त्या पोराला गाठून विचारलं, बाबा पुढचं का नाही म्हटलंस? तर म्हणाला, पुढं अजून आहे? त्याला खरंच माहीत नव्हतं, त्याच्यावर राग नाही. राग आतेभावाचा आला, कारण त्याला माहीत होतं. तो म्हणतो, "अरे पुढं सगळं चळवळीचं आहे, ते आता कोण ऐकणार, मूळ गाणं प्रेमाचंच आहे. तुम्हा बेळगावच्या लोकांना जिथंतिथं सीमाप्रश्नच दिसतो."

दिसतो, कारण तो त्या गाण्यात लिहिलेलाच आहे. आम्ही आमच्या घरनं नेऊन घातलेला नाही.

अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. लहानपणी आईबापाबरोबर पायी चालत मुंबई गाठली, गिरणीत राबले. पोटासाठी गाव सुटणं म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. गाण्यातला गडी भल्या पहाटे निघतो, भाकरतुकडा बांधलेला, मैना गावदरीपर्यंत घालवायला येते आणि तिथं तिचं तोंड उतरतं. मग हा तिला हसवायला एकेक कबूल करत सुटतो, कोल्हापुरी साज करतो, वज्रटीक करतो, शिंदेशाही तोडे करतो, नाकात नथ. ती काही हसत नाही. आणि मुंबईत काय, तर बेकारांची गर्दी, त्यात हा एक वाढला, पावसात भिजत काम शोधतोय आणि साधी छत्री नाही जवळ. बायकोला अंगभर दागिने कबूल करून आलेल्या माणसाला एका छत्रीची वाण! लोक ज्या दागिन्यांच्या ओळींवर टाळ्या वाजवतात ना, त्या ओळी ही छत्री आल्याशिवाय कळतच नाहीत.

माझे आजोबा असेच लालबागला गिरणीत होते आणि आजी गावात, शेत आणि म्हशी बघत. हे गाणं लागलं की आजी म्हणायची, "साज काय आला नाही बघ, मनिऑर्डर तेवढी येत होती." तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांची ही कथा, आमच्याकडची, चंदगड-आजऱ्याकडची.

पण गाणं तिथंही थांबत नाही. त्याच दिवसांत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उठते, परळ, लालबाग, फौंटन सगळं गाण्यात येतं, रक्त सांडतं, शेवटी विजयाची गुढी उभी राहते. आणि एवढं होऊनही ह्याच्या जिवाची तगमग थांबत नाही. तो म्हणतो, माझी आणि मैनेची जशी ताटातूट झाली तीच गत या महाराष्ट्राची झाली, आणि मग नावं घेतो, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. त्यानंतर धृपद परत येतं, शब्द तेच, पण आता मागं राहिलेली मैना म्हणजे नुसती बायको नव्हे, आम्ही आहोत. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही तिकडं, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हाही तिकडंच राहिलो. १७ जानेवारीला बेळगावात आणि निपाणीत १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना अजून अभिवादन करतात. ज्यांच्या घरातली माणसं तेव्हा गेली त्यांच्यासमोर ही छक्कड अर्धी म्हणून दाखवा बघू.

आतेभावाचं म्हणणं की राजकारण काढलं तर गाणं शुद्ध राहतं. मला ते अजिबात पटत नाही. अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर, हे लाल बावटा कलापथकाचे लोक, चळवळीत उतरलेले, माणसं उठवायला गाणारे. विरह एवढा खरा लिहिला म्हणूनच शेवटची उपमा काळजात घुसते, दोन्हीतलं एक काढलं तर दुसरं लंगडं पडतं.

आता तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर प्रत्येक गाण्यामागं गोष्ट पाहिजेच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात त्या 'या गाण्यामागची कहाणी वाचून डोळे पाणावतील' छापाच्या निम्म्या तर कुणीतरी घरी बसून रचलेल्या असतात, त्यांच्या नादी लागू नका. आधी गाणंच शेवटपर्यंत ऐका, पुष्कळदा गोष्ट त्यातच असते. आणि एवढं लिहिलं म्हणून मला कानडीचा राग आहे असंही समजू नका. शेजार कानडी, आमच्या घरात कानडी भजनं होतात, आणि कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, मायबोली कानडी. भाषेवर माझा रोष नाही, गाणं कापण्यावर आहे.

तुम्ही कुठं गाणार असाल आणि वेळ कमी असेल, तर दागिन्यांच्या दोनचार ओळी गाळा, चालेल. बेळगाव-कारवारची ओळ गाळू नका.