वीज कंपनी कुठली घ्यावी, असं विचारलंस म्हणून

तू विचारलं आहेस, "ताई, मार्चमध्ये आम्ही कॉव्हेंट्रीला येतोय, नवरा आधी, मी आणि मुलगा महिन्याभराने. विजेसाठी स्वस्त कंपनी कुठली?" साधा प्रश्न आहे. तरी मी दोनदा उत्तर लिहून पुसलं.

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आज सांगितलेलं मार्चपर्यंत टिकेलच असं नाही. ऑफजेमची, म्हणजे इथल्या ब्रिटनमधल्या वीज-गॅस नियामक संस्थेची, दरमर्यादा दर तीन महिन्यांनी बदलते, आणि ती युनिटच्या दरावर नि रोजच्या ठरावीक आकारावर (स्टँडिंग चार्जवर) असते, तुमच्या एकूण बिलावर नाही. बाकीचं सरकारी पानांवर आहेच. कंपनी बदलली तरी तारा त्याच आणि मीटरही बहुतेक तोच राहतो. वीज मिनिटभरसुद्धा जात नाही. बिल पाठवणारा तेवढा बदलतो.

तुलना कशी करायची ते मात्र सांगते, त्यात माझे दोन हिवाळे गेलेत. इथे दिवा लावा न लावा, रोजचे ठरावीक पेन्स लागतातच. तोच स्टँडिंग चार्ज. समज, एका प्लॅनमध्ये युनिट २२ पेन्स आणि रोजचे ६५ पेन्स. दुसऱ्यात युनिट २६ आणि रोजचे ४०. आपली नजर बावीसवरच अडकते. पण हीटिंग गॅसवर असलेला छोटा फ्लॅट वर्षाला १,५०० युनिट वापरत असेल, तर पहिला प्लॅन ५६७ पौंडांना पडतो आणि दुसरा ५३६ ला. तेच ३,००० युनिट असतील तर पहिला ८९७, दुसरा ९२६. साधारण २,२८० युनिटांना दोघं बरोबरीत येतात. म्हणून 'वर्षाला इतके वाचतील' ही जाहिरात बाजूला ठेव, तो आकडा कुठल्यातरी सरासरी घराचा असतो. आधी आपले युनिट काढ. (डिसेंबर-जानेवारीचे युनिट सहाने गुणून वर्षाचा हिशेब करू नकोस. मी केला होता.)

आमचा फ्लॅट पूर्ण विजेवरचा, मीटर इकॉनॉमी ७ चा. रात्री सात तास दर स्वस्त, त्या वेळात स्टोरेज हीटर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. मी रात्रीचा दर पाहून हरखले आणि वर्षभराचा फिक्स्ड प्लॅन घेऊन टाकला. दिवसाचा चढा दर खालच्या ओळीत होता, आणि मी तर दिवसभर घरातच. चौदा दिवसांत रद्द करता येतं, मला कळलं तिसऱ्या महिन्यात. मग आला एक्झिट फीचा, म्हणजे मुदतीआधी प्लॅन सोडल्याच्या दंडाचा प्रश्न. तो प्लॅनच्या शेवटच्या ४९ दिवसांत उरत नाही, तोवर थांबले.

एकटेपणाबद्दल तू विचारलं नाहीस, बरं केलंस. होतो, सरावतो माणूस. स्मार्ट मीटरबरोबर एक छोटा डिस्प्ले मिळतो, वापर वाढला की त्यावरचा दिवा हिरव्याचा लाल होतो. स्टोरेज हीटर दुपारी तीनलाच गार पडायचे. साधा हीटर लावला की लाल, म्हणून मी कोट घालून बसायचे आणि नवरा यायच्या अर्धा तास आधी लावायचे. आल्यावर तो म्हणायचा, घर छान उबदार आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

खरं मला जे सांगायचंय ते दराबद्दल नाहीच. घराचा ताबा घेतला की आधीपासून तिथे वीज देणारी कंपनी आपोआप तुमची होते, सही न करता. आमच्या वेळी माझ्या नवऱ्याने फोन करून नाव नोंदवलं, एकट्याचं. भाडेकरारही त्याच्याच नावाचा, तो आधी आला होता ना. मुलीच्या शाळेचा अर्ज मी भरला, विजेचं बिल जोडलं, आणि अर्ज परत आला: अर्जदाराचं नाव जुळत नाही. पुन्हा भरून पाठवेपर्यंत तीन आठवडे गेले. लहान वर्गांत एका शिक्षकामागे तीसच मुलं हा इथे कायदा आहे, आणि समोरच्या शाळेतली तिसावी जागा तेवढ्यात भरली. आमची पोर दीड वर्ष दोन बस बदलून दुसऱ्या शाळेत गेली. तिला आता काही आठवत नाही म्हणते. मी अजून त्या समोरच्या शाळेवरून जाताना रस्ता ओलांडते.

बँकेतही तेच, माझ्या नावाचा एक कागद नव्हता.

तेव्हा प्लॅन सावकाश निवडा. बिल तुम्ही भरत असाल तर भाड्याच्या घरातही कंपनी बदलता येते, करार तेवढा वाचा. पण किल्ली हातात येईल त्या दिवशी नवऱ्याला मीटरचा फोटो काढायला सांग, आकडे आणि मीटर नंबर दोन्ही दिसतील असा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचे युनिट तुमच्या माथी येतात. त्याच फोनवर खात्याला दोन नावं लावायला सांग. तू तेव्हा इथे नसशील, म्हणून तुझं नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगसकट त्याला आत्ताच कागदावर लिहून दे.