अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक देशांतल्या समाजात प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था, कशी रोखतात? झालीच तर उपचार काय?

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ५.७ ते ६.४ टक्के आली की प्रीडायबेटिस. इथून मागे फिरता येतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात हिस्पॅनिक लोकही होते. ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, हे ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. ती डॉक्टरांना विचारूनच.

खरी मेख स्वयंपाकघरात आहे. ‘टॉर्टिया (त्यांची रोजची पोळी) सोडा’ म्हटलं तर कोण ऐकेल? त्यापेक्षा मैद्याऐवजी मक्याच्या दोनच, सोबत घेवड्याची उसळ, नोपाल या निवडुंगाची भाजी, गोड कोल्ड्रिंकऐवजी साधं पाणी. ‘प्रोमोतोरा’, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या वस्तीतल्याच बायका, हे स्पॅनिशमध्ये समजावतात. मला हाच मार्ग सगळ्यात जास्त पटतो.