फिरत्या अंतराळस्थानकात पृथ्वीसारखं चालता येईल का?

हो, येईल, पण स्थानक चित्रपटात दाखवतात त्यापेक्षा बरंच मोठं लागेल. मी ठाण्यात बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि हे सरळ वर्तुळाकार गतीचं गणित आहे. चाक फिरलं की कडेची जमीन पायांना आतल्या बाजूला रेटते आणि आपल्याला वजन जाणवतं. मिनिटाला दोन फेऱ्या हा वेग बहुतेकांना सोसेल असं मानतात. तेवढ्यात पूर्ण वजन हवं तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर येते. म्हणजे ठाणे स्टेशनात बारा डब्यांच्या दोन लोकल एकापुढे एक उभ्या केल्या, तर त्याहून थोडाच कमी व्यास! कथांमधलं दहा मीटर त्रिज्येचं चाक घेतलं तर मिनिटाला साडेनऊ फेऱ्या लागतील. तिथे डोक्याशी गुरुत्व पायांपेक्षा १७ टक्के कमी, आणि मीटरभर उंचीच्या टेबलावरून निसटलेला कप सरळ खाली न पडता फिरण्याच्या उलट दिशेला फूटभर लांब पडणार. मान वळवली की गरगरणार ते वेगळंच. (चहा ओतताना धार तिरकी जाते हे मात्र क्वचितच कुणी दाखवतं.)

एक लक्षात घ्या, माणसं राहतील असं फिरतं स्थानक अजून कुणी बांधलेलं नाही. १९६६ मध्ये जेमिनी ११ हे यान दुसऱ्या यानाला ३० मीटरच्या पट्ट्याने बांधून फिरवलं होतं, पण तेव्हा मिळालेलं गुरुत्व इतकं नगण्य होतं की आतल्या अंतराळवीरांना ते जाणवलंही नाही.