कुत्र्याच्या कॅन्सरच्या उपचारासाठी कर्ज काढावं का?

तुमच्या कुत्र्याला लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर निघालाय, केमोचा आकडा ऐकून हातपाय गळालेत आणि कर्ज काढावं का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या राणीच्या जबड्याखाली दोन टणक गाठी हाताला लागल्या तेव्हा मीही रात्र रात्र हाच हिशोब करत बसायचे.

आधी डॉक्टरांना विचारा, की या पैशांत आजार बरा होणार की दिवस वाढणार? मी हे विचारलंच नव्हतं. लिम्फोमात गाठी केमोने बहुतेकदा विरघळतात, पण बहुधा परत येतात. उपचारच केले नाहीत तर साधारण महिना-दीड महिना मिळतो. चार औषधांचा पाच-सहा महिन्यांचा पूर्ण कोर्स केला आणि आजार बी-पेशींचा (बी आणि टी हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) असला तर सरासरी वर्षभर. टी-पेशींचा असला तर बहुधा त्याहून कमी. म्हणून कर्जाचा विचार करण्याआधी बी की टी, ही तपासणी करून घ्या. प्रत्येक गाठीचं असं नसतं. टीव्हीटी या कुत्र्यांमध्ये बहुधा समागमातून पसरणाऱ्या कॅन्सरची गाठ व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाच्या थोड्याच डोसांत बहुतेकदा पूर्ण बरी होते. तिथे मी उसने पैसे घ्यायलाही कचरले नसते.

दुसरं, एस्टिमेट पूर्ण कोर्सचं आणि लेखी मागा. आम्ही फक्त डोसचे पैसे धरले होते. प्रत्येक डोसआधीची रक्ततपासणी, उलटीची औषधं, काहीच धरलं नव्हतं. तिसऱ्या डोसनंतर तिच्या पांढऱ्या पेशी घसरल्या, ताप चढला, दोन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. बाजूला काढलेले पैसे तिथेच संपले. पुढच्या पायावरचे केस काढलेली ती चौकोनी जागा ती सारखी चाटत बसायची आणि मी शेजारी बसून बिलं जुळवायचे.

मधले मार्गही असतात, पण ते आपणहून विचारावे लागतात. चारऐवजी डॉक्सोरुबिसिन या केमोच्या एकाच औषधाचे दर तीन आठवड्यांनी डोस देतात. फेऱ्या कमी, खर्चही बहुधा कमी. नुसत्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या स्वस्त असतात, भूक परत येते, महिना-दोन महिने बरे जातात. मात्र केमो करायची शक्यता असेल तर या गोळ्या आधीपासून सुरू करू नका, पुढे केमोचा असर कमी होऊ शकतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातही चौकशी करा, तिथे खर्च बऱ्याचदा कमी येतो. विमा आता काढून उपयोग नाही, आधीपासून असलेला आजार त्यात सहसा धरत नाहीत.

माझं मत विचाराल तर लिम्फोमासाठी घर किंवा दागिने गहाण ठेवू नका. झेपेल तो आकडा घरात सगळ्यांनी बसून आजच ठरवा. दवाखान्याच्या बाकावर तो ठरत नाही. आम्ही सहाव्या डोसनंतर थांबलो आणि गोळ्यांवर आलो. त्यानंतरचे सात आठवडे राणी रोज संध्याकाळी पट्टा तोंडात धरून दाराशी उभी राहायची.