वडिलांच्या जुन्या पेनाची मीडियम निब घासून स्टब किंवा इटालिक (टोक रुंद आणि चपटं, म्हणजे एका दिशेची रेघ जाड, दुसऱ्या दिशेची बारीक) करून घ्यावी, की पेनाला हात न लावता नवीन घ्यावं?

करून घ्या. पण मराठी लिहिणार असाल तर ‘स्टब करा’ एवढंच सांगून निब कुणाच्या हाती देऊ नका. मी ती चूक केली आहे.

आमच्या अप्पांचं राजमुंद्रीचं रत्नम पेन होतं. काळं एबोनाइटचं (कडक रबराचं), ड्रॉपरने शाई भरायचं, ब्रॉड निबचं. अप्पा गेल्यावर चार वर्षं कपाटात पडून होतं. दादाचं म्हणणं, आठवण आहे, राहू दे तशीच. मी ते कुरिअरने एका निब घासणाऱ्याकडे पाठवलं आणि कर्सिव्ह इटालिक (कोपरे थोडे गोल केलेली इटालिक) मागितलं. काम अगदी स्वच्छ झालं होतं. इंग्रजी सही इतकी उठून आली की मी पानभर सह्याच केल्या. मग पाकिटावर मराठीत पत्ता लिहिला, आणि ते अक्षर माझं वाटेना.

‘ठ’ काढला तेव्हा उलगडा झाला. आपल्या ठचा गोल डावीकडे वर आणि उजवीकडे खाली जाड असतो. माझा बरोबर उलटा आला होता, इंग्रजी ओसारखा. उजव्या हातात पेन धरलं की त्याचं टोक डावीकडे वर रोखलेलं असतं. सरळ कापलेल्या निबची धार मग खालून डावीकडून वर उजवीकडे पडते, आणि त्या दिशेची रेघ बारीक येते. देवनागरीला तीच रेघ जाड लागते. म्हणून तर बोरूचा छाट तिरका. अप्पा शाळेतल्या मुलांना बोरू तासून द्यायचे. टोक पाटावर टेकवायचे, चाकू कलता धरायचे आणि एका दाबात ‘टक्’. हे लहानपणी शंभरदा पाहिलं होतं, तरी निब पाठवताना एकदाही आठवलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्यांदा वेगळ्या माणसाकडे दिली. या वेळी सोबत माझ्या अक्षरातल्या तीन ओळी, पेन धरलेल्या हाताचा फोटो आणि मोठा करून काढलेला एक ठ पाठवला. त्याने छाट फिरवून दिला, रुंदी ०.८ मिमी ठेवली. आता क्ष आणि ण आठ मिमीच्या ओळीत भरून जात नाहीत. १.१ची स्टब रोजच्या मराठीला नको, गाठी बुजतात. आर्किटेक्ट ग्राइंड (आडवी रेघ जाड, उभी बारीक) देवनागरीला शोभते असं बरेच जण सांगतात, मला साफ अमान्य. शिरोरेषा तुळईसारखी आणि काना काडीसारखा, ते अक्षर नव्हे.

दादा आजही म्हणतो, तू अप्पांची निब मारलीस. निबच्या टोकाला कठीण धातूचा जो थेंब असतो, तो अप्पांच्या हाताने वीस-पंचवीस वर्षं कागदावर झिजतच होता. एका बाजूने चपटा झालेला मी भिंगातून पाहिला आहे. ती निब नवी कधी नव्हतीच. आणि कपाटात शाई वाळून जीभ (निबखालचा शाई पुरवणारा भाग) गच्च झाली होती, ती कोणी मारली? या दिवाळीला मी दादाला त्याच पेनाने पत्र लिहिलं. त्याने ते जपून ठेवलंय, वहिनींनी सांगितलं.

तुमच्या मीडियमबद्दल: टोकावर फार धातू नसतो, त्यामुळे ०.६-०.७च्या पुढची अपेक्षा धरू नका. फाइन असती तर नकोच म्हटलं असतं. घासलेला धातू परत येत नाही. माझ्या निबमध्ये तिसऱ्यांदा घासण्याइतका उरलेला नाही. घरी पॉलिश पेपरवर प्रयोग करायचेच असतील तर कानपूरच्या कॅनराइटच्या सुट्या निब मिळतात, त्यांच्यावर करा. आणि तुम्ही डावरे असाल तर वरचं दिशांचं सगळं बदलतं, हाताचा फोटो पाठवल्याशिवाय काहीच ठरवू नका.